लेकीला केनियात शाळा बांधायला पाठवू का?

विट्याजवळच्या एका गावातून एका आईनं विचारलं आहे. मालक गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, वर्षातले दहा महिने तमिळनाडूत. थोरली लेक सांगलीत सिव्हिल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. येत्या जूनमध्ये एक संस्था तिच्यासह १४ विद्यार्थ्यांना तीन आठवडे केनियातल्या माचाकोस भागात नेणार आहे, एका गावच्या शाळेच्या दोन खोल्या बांधायला. माणशी खर्च १,९०,००० रुपये. त्या लिहितात, "पाटल्या मोडल्या तर पैशाचं जमेल. पण एवढं करून पोरगी तिथं खरंच कुणाच्या उपयोगी पडेल का? आणि तिच्या जिवाला काही धोका नाही ना?"

ताई, मी साताऱ्यात राहतो, मूळचा पाटण तालुक्यातला. बांधकामाच्या धंद्यात तीस वर्षं झाली. नेपाळच्या भूकंपानंतर विद्यार्थ्यांच्या तुकड्या घेऊन पाच वेळा तिकडं गेलो आणि दोनदा केनियाला, तेही तुमची लेक जाणार आहे त्याच माचाकोसच्या बाजूला. आधी उत्तर सांगतो, मग कारणं. पाठवा. पण आत्ता पत्रकात जसं लिहिलंय तसं नको. दोन-तीन गोष्टी बदलून घेऊन पाठवा. त्या बदलल्या नाहीत तर पाटल्या हातातच राहू द्या.

सगळ्यात आधी एक समज काढून टाकू. तिथं हातांची कमतरता नाही. आपल्याकडं खानापूर-आटपाडीत कष्टाला माणसं कमी आहेत का? तसंच तिथंही आहे. माचाकोसच्या गावात बांधकाम करणारा कारागीर असतो, त्याला स्वाहिलीत फुंडी म्हणतात. विटा लावणारा फुंडी, सुतारकाम करणारा फुंडी, पत्रे ठोकणारा फुंडी. आपल्याकडचा चांगला गवंडी दिवसाला पाचशे-सहाशे विटा लावतो, तोही तेवढंच करतो. कॉलेजची पोरं पहिल्या दिवशी सत्तर-ऐंशी विटा लावतात आणि त्यातल्या निम्म्या ओळंब्यात नसतात. मग संध्याकाळी फुंडीला आपलं काम सोडून त्या सरळ कराव्या लागतात. यात पोरांचा दोष नाही, हात बसायला दोन-तीन वर्षं जातात. पण आपली मुलं गेली म्हणून शाळा उभी राहते असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही. शाळा उभी राहते ती मुलांनी नेलेल्या पैशावर आणि तिथल्या कारागिराच्या हातावर.

त्यामुळे पैशाचा हिशोब आधी बघा. तुम्ही पत्रकातले आकडे पाठवलेत ते फार बरं केलंत. माणशी प्रवास ७५,०००, राहणं-जेवण ४०,०००, बांधकाम २५,०००, मसाई माराची सहल ३०,०००, व्यवस्थापन २०,०००. आता १४ जणांची बेरीज मांडा. बांधकामाला ३,५०,००० आणि सिंह-हत्ती बघायला ४,२०,०००. शाळेच्या दोन खोल्यांपेक्षा सहलीला जास्त पैसे जातायत. सहल करू नये असं मी म्हणत नाही, एवढ्या लांब गेलेल्या पोरांना वाटणारच. पण नातेवाइकांकडून आणि गावातल्या पतसंस्थेकडून "शाळा बांधायला" म्हणून मदत गोळा करायची असेल, तर हे आकडे त्यांना दाखवायला हवेत. सहल ज्याची त्यानं आपल्या पैशानं करावी आणि गोळा केलेला एकेक रुपया खोल्यांवर लागावा, ही माझी पहिली अट. संस्थेला लेखी विचारा: बांधकामाचे ३,५०,००० कुणाच्या खात्यावर जाणार, शाळेच्या की तुमच्या? पाया, जोतं, भिंती, छप्पर, कशाला किती? आणि पैसे कमी पडले तर छपराचं काय? माझ्या पाहण्यात पुष्कळ बांधकामं लिंटेलपर्यंत, म्हणजे दारं-खिडक्यांच्या वरच्या पातळीपर्यंत, येऊन थांबली, कारण पुढची तुकडी आलीच नाही. भिंती दोन पावसाळे उघड्या राहिल्या की मग छप्पर घालण्याआधी वरचे दोन-तीन थर काढून परत रचावे लागतात.

सांगलीकडच्या माणसांना मदत घेण्याची बाजू माहीत आहे, म्हणून हे तुमच्याशी मोकळेपणानं बोलता येतं. ऑगस्ट २०१९ आठवा. आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५. पाणी ओसरल्यावर ट्रकच्या ट्रक भरून सामान आलं. माणसं मनापासून आली होती, त्यांचे उपकार विसरायचे नाहीत. पण जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजत पडले हेही आपण पाहिलं. आणि खरा आधार कुणाचा वाटला? फावडी-घमेली आणि पाण्याचे पंप घेऊन जी पोरं आली, "काकू, कुठला गाळ आधी काढू?" असं विचारून कामाला लागली, त्यांचा. तुमची लेक केनियात यातल्या कोणत्या पोरांसारखी वागणार, एवढाच प्रश्न आहे. त्याचं उत्तर तिच्या मनापेक्षा नेणाऱ्याच्या आखणीवर जास्त अवलंबून असतं.

हे मी स्वतः चुकून शिकलो. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीला भूकंप झाला, आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं. मी तेव्हा शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या घरात भूकंपाचं भय आधीपासूनचं, ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात आजीचं घर बसलं होतं. त्यामुळे राहवलं नाही. आम्ही चाळीस मुलं मिळेल त्या गाडीनं निघालो. सोबत ना अवजारं, ना पाणी, ना राहायची सोय. पहिल्या रात्री आमच्या जेवणाची व्यवस्था त्याच गावातल्या माणसांनी केली, ज्यांच्या घरातली माणसं गेली होती. एका म्हाताऱ्या बाबांनी आम्हाला भाकरी वाढली तो हात मला अजून दिसतो. नखांत माती होती. दिवसभर ते घरातलं कुणीतरी उकरत होते.

त्या गावांमधली घरं का पडली ते मला पुढं कळलं. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, मातीत रचलेल्या. बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, मध्ये भरताड. दोन्ही थर बांधून ठेवणारा आरपार दगड कुठंच नाही आणि डोक्यावर माळवदाच्या मातीचं ओझं. हादरा बसला की थर एकमेकांपासून सुटतात आणि माळवद खाली येतं. नेपाळात २५ एप्रिल २०१५ ला, ७.८ तीव्रतेच्या भूकंपात, गोरखा भागातल्या डोंगरी गावांत तसंच झालं. दगड-मातीच्या भिंती होत्या आणि त्यांना बांधणारं काही नव्हतं. म्हणून तिथं नव्यानं बांधताना दोन फुटांच्या प्रत्येक उंचीला, चार-चार फुटांवर आरपार जाणारे लांब दगड घालायचे आणि जोतं, लिंटेल व छपराच्या पातळीला काँक्रीटचा पट्टा फिरवायचा, हे शिकवावं लागलं. विद्यार्थ्यांचा खरा उपयोग मला तिथं दिसला. विटा लावण्यात त्यांची मदत फारशी नव्हती. पण सळयांभोवतीच्या रिंगांचे हूक ९० ऐवजी १३५ अंशांत वळवलेत का, आरपार दगड सुटला तर नाही ना, वाळूत माती किती, हे रोज तपासून वहीत टिपणं त्यांनी चोख केलं. दमलेल्या फिटरला ९० अंशांचा हूक सोपा पडतो, सगळीकडंच. शेजारी कुणी वही घेऊन बसलं असेल तर तो १३५ चा करतो.

आता एक प्रसंग जरा सविस्तर सांगतो, कारण संस्थेला विचारायचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न त्यातून निघतो.

डिसेंबर २०१६. गोरखा जिल्ह्यातलं डोंगरउतारावरचं एक गाव, दोन खोल्यांची शाळा. भिंती लिंटेलपर्यंत आलेल्या, आता काँक्रीटचा पट्टा ओतायचा. सोळा-सतरा पोती सिमेंट. एका पोत्याला पंचवीस लिटरच्या आसपास पाणी धरा, म्हणजे नुसतं कालवायलाच चारशे लिटरच्या वर. आम्ही वाळू मोजली होती, खडी मोजली होती, सळई तर दोनदा मोजली होती. पाण्याचं मात्र एवढंच ठरलं होतं की "गाव आणून देईल." गावाला झरा खाली होता, चढून यायला पाऊण तास. गावानं घरटी एक माणूस ठरवला आणि सकाळपासून डोक्याला पट्टा अडकवून, पाठीवर टोपलीत गाग्री घेऊन बाया वर येऊ लागल्या. त्या रांगेत शाळेच्या गणवेशातली एक मुलगी होती, पाचवीतली. कराडचा एक विद्यार्थी तिच्या गाग्रीला हात द्यायला पुढं गेला. तिच्या पिशवीत वही होती. लिपी आपलीच, त्यानं सहज वाचली. गुणाकाराचं पान अर्धवट सुटलेलं. त्यानं हिंदीत विचारलं, आज शाळा नाही का? ती म्हणाली, आहे. आई कोदो काढायला गेलीय, मग घरचं पाणी कोण आणणार? कोदो म्हणजे आपली नाचणी.

तो पोरगा माझ्याकडं आला आणि एवढंच म्हणाला, "सर, हिच्या शाळेसाठी हिची शाळा बुडतेय."

मी त्या दिवशी काम थांबवलं नाही, ओतायला घेतलेलं काँक्रीट अर्ध्यावर सोडता येत नाही. पण विटा-दगडांवरची सगळी मुलं काढली आणि झऱ्यावर पाठवली. आठ मुलांनी संध्याकाळपर्यंत प्रत्येकी पाच-पाच खेपा केल्या. खांदे सोलवटले. गावातली लहान मुलं शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये परत जाऊन बसली. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण दुसरी चूक तेव्हा लक्षात आली. पट्टा ओतला तो आमचा अठरावा दिवस होता आणि एकविसाव्या दिवशी परतीची गाडी. काँक्रीटला किमान सात दिवस पाणी मारावं लागतं, राखमिश्रित सिमेंट असेल तर दहा. थंडीत ते आणखी सावकाश घट्ट होतं. आम्ही गेल्यावर ते पाणी कुणी आणायचं? त्याच बायांनी, त्याच मुलीनं. मी आणि तीन मुलं दहा दिवस मागं राहिलो. पोती ओली करून पट्ट्यावर अंथरायची, वरून प्लास्टिक झाकायचं, म्हणजे पाणी थोडक्यात भागतं. ते आधीच ठरवून करायला हवं होतं.

तेव्हापासून माझा नियम आहे: शेवटच्या दहा दिवसांत काहीही ओतायचं नाही. आणि कामाच्या पाण्याचा हिशोब सिमेंटच्या आधी मांडायचा.

माचाकोसचा भाग आपल्या माण-खटाव-आटपाडीसारखाच कोरडा. पाऊस वर्षातून दोनदा, मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. जून कोरडा, म्हणजे विटकामाला चांगला आणि पाण्याला वाईट. शिवाय जूनमध्ये तिथल्या शाळा चालू असतात. म्हणून ताई, संस्थेला हे नक्की विचारा: पाणी कुठून येणार, कोण आणणार, आणि त्याचे पैसे त्या माणसाला मिळणार का? याचं उत्तर पटकन आणि नेमकं आलं, "अमुक ठिकाणाहून टँकर, एवढ्या खेपा, एवढा खर्च" असं, तर समजा की माणसं कामाची आहेत. "लोकल कम्युनिटी सपोर्ट करते" असं आलं तर पुढं जाऊ नका.

दुसरा तितकाच मोठा प्रश्न: बांधकाम कुणाच्या हुकमावर चालतं? तिथला मुख्य फुंडी कोण, त्याला मजुरी रोजची मिळते का, आणि मुलांनी लावलेलं काम काढ म्हणायचा अधिकार त्याला आहे का? इथून गेलेला प्राध्यापक आणि तिथला कारागीर यांच्यात मतभेद झाला तर कारागिराचं ऐकलं पाहिजे, कारण तिथली माती, तिथली वीट आणि वारा त्याला ठाऊक असतो. मुलं त्याची बिगारी. माल कालवून देणं, विटा भिजवणं, दोरी धरणं, चाळण मारणं. तीन आठवडे बिगारीपण केलं तर तुमच्या लेकीला चार वर्षांच्या पुस्तकात नाही ते कळेल. आणि मुलांच्या येण्यानं तिथल्या एकाही माणसाचा रोज बुडता कामा नये, उलट दोन जणांना जास्त काम मिळालं पाहिजे.

यात नवं काही नाही, आपल्या मातीतच हे आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ ला कऱ्हाडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि "स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद" म्हटलं. कमवा आणि शिका योजनेतली मुलं शेतात राबली, बांधकामावर राबली. पण ती आपल्याच शाळेसाठी राबली, तिथंच राहिली आणि तिथंच शिकली. केनियातही याच्याशी नातं सांगणारा शब्द आहे, हरांबी. सगळ्यांनी मिळून ओढायचं. तो त्यांच्या राष्ट्रचिन्हावरही लिहिलेला आहे. स्वातंत्र्यानंतर तिथल्या गावांनी अशाच वर्गण्या काढून आणि श्रमदान करून असंख्य शाळा उभ्या केल्या. तेव्हा आपण तिथं जाऊन त्यांना श्रमदान शिकवतोय असं कुणाच्या मनात असेल तर ते काढून टाकावं. गावाची स्वतःची वर्गणी या दोन खोल्यांत आहे का, शाळेच्या समितीनं खोल्या मागितल्या होत्या का, हेही विचारा. ज्यात गावाची वर्गणी असते ती इमारत गाव राखतं.

परदेशात जाऊन श्रमदान करायची चाल सुरू झाली ती सुद्धा एका इंजिनिअरकडून. पियेर सेरेसोल नावाचे स्विस गृहस्थ. पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या फ्रान्सच्या व्हर्दन भागातल्या एका गावात त्यांनी १९२० ला वेगवेगळ्या देशांची माणसं नेऊन घरं आणि रस्ते दुरुस्त करायला घेतले. तुकडीत जर्मन माणसं होती, ते काहींना सोसलं नाही आणि काम बंद करावं लागलं. पुढं १५ जानेवारी १९३४ ला बिहारचा भूकंप झाला तेव्हा ते आपल्या देशात आले. मुजफ्फरपूरकडं गावं नव्यानं वसवायच्या कामात ते १९३७ पर्यंत पुन्हा पुन्हा येत राहिले. मला त्यांचं हे परत येणं मोठं वाटतं. म्हणून तुमच्या संस्थेला विचारा की त्या गावात याआधी कितव्यांदा गेलात, आणि मागं बांधलेल्या एखाद्या खोलीचा आजचा फोटो दाखवा. उद्घाटनाच्या दिवसाचा नको, आजचा.

पत्रकात "अनाथाश्रमात दोन दिवस" असा एक कार्यक्रम दिसतो. तो काढायला सांगा, किंवा लेकीला सांगा की तिनं त्यात जाऊ नये. दोन दिवस येऊन गळ्यात पडणारे आणि निघून जाणारे ताई-दादा ही त्या मुलांवर दर महिन्याला येणारी जखम असते. नेपाळ आणि कंबोडियात तर असं आढळलं की अशा आश्रमांतल्या पुष्कळ मुलांचे आईबाप हयात होते. पाहुणे येतात आणि देणग्या देतात, म्हणून मुलं घरून आणून ठेवली होती. या बाबतीत मला मधला मार्ग मान्य नाही. शाळेतल्या मुलांचे फोटोही शिक्षकांना आणि पालकांना विचारूनच. तुमच्या लेकीचा वर्गातला फोटो कुणी अनोळखी माणसानं काढून टाकला तर तुम्हाला चालेल का, एवढाच विचार तिनं करावा.

आता जिवाची काळजी. आईला आधी तेच वाटणार.

पीतज्वराची लस लागते. ती कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रावरच घ्यायची आणि निघण्याआधी किमान दहा दिवस, तेव्हाच प्रमाणपत्र लागू होतं. एकदा घेतली की जन्मभर चालतं. ते प्रमाणपत्र नसेल तर केनियातून परतल्यावर आपल्याच विमानतळावर सहा दिवस अलग ठेवतात. अंड्याची जोराची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं. धनुर्वाताचं इंजेक्शन अद्ययावत हवं. हिवतापाच्या गोळ्या डॉक्टर ठरवतील त्या, पण मच्छरदाणी घेतल्याशिवाय पाठवू नका. व्हिसाच्या जागी आता ऑनलाइन प्रवेश परवाना घ्यावा लागतो. त्यात येण्याचं कारण काय लिहिणार हे संस्थेकडून लेखी घ्या. पर्यटक म्हणून शिरून काम करणं बऱ्याच देशांत नियमात बसत नाही, आणि अडकते ती पोरगी, संस्था नाही. मुलींसोबत एक अनुभवी बाई प्रमुख म्हणून असावी, राहायची खोली आतून कडी लागणारी असावी आणि जवळचं मोठं हॉस्पिटल किती तासांवर आहे ते तुम्हाला माहीत असावं.

बांधकामावरचे धोके मात्र साप-सिंहांपेक्षा जास्त खरे असतात. छातीच्या वरच्या उंचीला विद्यार्थ्यानं काम करायचं नाही, परांची-फळ्यांवर चढायचं नाही. डोक्यापेक्षा खोल चरीत उतरायचं नाही, कंबरेच्या वर गेली की बाजूला आधार दिल्याशिवाय नाही. आणि सिमेंट. उघड्या हातांनी माल कालवला की पहिल्या दिवशी काही वाटत नाही, तिसऱ्या दिवशी बोटांच्या बेचक्यांत भोकं पडतात. माचाकोसला आमच्या एका विद्यार्थिनीनं लाजून कुणाला सांगितलं नाही. रात्री तिला घास धरता येईना, शेजारच्या मुलीनं भरवलं. रबरी हातमोजे स्वतःचे न्यायचे, बुटात माल गेला तर तिथल्या तिथं पाय धुवायचा. सूटबूट, मेकअपचं सामान मागं राहिलं तरी चालेल.

एवढं सगळं सांगून मी पाठवा का म्हणतोय? कारण शिकायला तिथं फार मोठं आहे, आणि ते आपल्याच कामाचं आहे. माचाकोसच्या डोंगरउतारांवर तिथल्या कांबा लोकांनी बांध घातलेत. आपण समतल चर खणतो तेव्हा माती खालच्या अंगाला टाकतो. तिथं चरातली माती वर फेकतात, त्या पद्धतीचं नावच फान्या जू, म्हणजे वर टाका. पावसानं वाहणारी माती त्या बांधाला अडते आणि चार-सहा वर्षांत उताराची आपोआप पायरी होते. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चराच्या काठावर बसून राहिलो. आमच्याकडं पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेसाठी २०१६ पासून कोरेगाव, माण, खटावात लाखो हातांनी चर खणले. तीच कुदळ, तेच ऊन, आणि माती मात्र उलट्या बाजूला.

आणखी एक म्हणजे तिथले वाळूचे बंधारे. वर्षातले बहुतेक दिवस कोरड्या असणाऱ्या नदीत खडकापर्यंत पाया घेऊन आडवी भिंत घालतात. पूर आला की भिंतीमागं वाळू साचते आणि त्या वाळूच्या पोकळीत पाणी राहतं. उन्हानं उडत नाही, डास होत नाहीत. बाया वाळूत खड्डा करून, नाहीतर बसवलेल्या हापशावर पाणी घेतात. हे बंधारे गावातले बचत गटासारखे गट बांधतात, त्याला म्वेथ्या म्हणतात, आणि त्यात बायाच जास्त. तुमच्या लेकीनं त्यातल्या एका बाईसोबत एक दिवस घालवला आणि बंधाऱ्याची मापं वहीत घेऊन आली तर ते मसाई माराच्या सहलीपेक्षा महाग सामान आहे. येरळा आणि माणगंगा वर्षातून किती महिने वाहतात हे तुम्हाला मी सांगायला नको. अर्थात तो बंधारा जसाच्या तसा इथं चालेल असं नाही. आपल्या नद्यांतली वाळूच उपशानं किती राहिलीय, हा प्रश्न आहेच. पण सिव्हिलच्या मुलीनं तो प्रश्न डोक्यात घेऊन परत यावं. संस्थेला सहलीतला एक दिवस कमी करून हा दिवस घालायला सांगा. जड नाही ते.

आता जूनपर्यंत वेळ आहे, त्याचं काय करायचं ते सांगतो. विट्यात कुठं ना कुठं घराचं काम चालू असणारच. एखाद्या जुन्या गवंड्याला सांगा, लेक सुट्टीच्या दिवशी येईल, मजुरी नको, काम शिकव. परीक्षेचा अभ्यास सांभाळून दहा-बारा दिवस निघतील. आधी लोक हसतील, बघायला उभे राहतील. तिनं मनावर घेऊ नये. विटा किती वेळ भिजवायच्या, बुडबुडे यायचे थांबले की काढायच्या, दोरी कशी ताणायची, ओळंबा वाऱ्यात कसा धरायचा, एक घमेलं माल किती वेळ चांगला राहतो, एवढं हाताला कळलं तरी पुष्कळ झालं. एखादा स्लॅब पडताना पूर्ण दिवस थांबावं आणि पुढचे दहा दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारायला तिनंच जावं. हे तिला जमलं, तर केनियात ती पहिल्या दिवसापासून कामाची. आणि तिसऱ्या दिवशीच कंटाळली, तर तुम्हाला तुमचं उत्तर विमानाच्या तिकिटाआधीच मिळालं.

पाटल्यांबद्दल माझं मत विचारलं नाहीत, तरी सांगतो. मोडू नका. सहल वगळली तर खर्च १,६०,००० वर येतो. निम्मे घरून, निम्मे तिनं पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सर्वेक्षणाची, नकाशे काढायची लहान कामं करून जमवावेत आणि या वर्षी नाही जमलं तर पुढच्या जूनला जावं. जी संस्था खरंच दरवर्षी त्याच गावात जाते तिला एक वर्ष थांबलेलं चालतं. "जागा भरत आल्यात, आजच पैसे भरा" म्हणत असतील तर तो घाईचा धंदा आहे.

प्रश्नांची चिठ्ठी घेऊन सोमवारी लेकीलाच फोन करायला लावा, तुम्ही शेजारी बसा. पाणी कुठून, फुंडी कोण, पैसे कुणाच्या खात्यावर, मागच्या खोलीचा आजचा फोटो. उत्तरं लिहून मला कळवा, मी बघतो. जायचं पक्कं झालं तर तिला स्वतःची थापी आणि ओळंबा घेऊन जाऊ द्या, पण मोठ्या बॅगेत, कारण विमानात हातातल्या सामानात ती अवजारं नेऊ देत नाहीत. परत येताना थापी तिथल्या फुंडीला देऊन यावी. सांगलीच्या लोखंडाची थापी तिथं दोघांना देऊन आलोय मी, दोघांनीही आधी अंगठ्यानं धार बघितली आणि मग खिशात घातली.